थंडीच्या रात्री निवाऱ्याचा प्रश्न
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



डिसेंबर लागला की आपल्या नागपुरात ठिकठिकाणी ब्लँकेटवाटपाचे कार्यक्रम होतात. हे काम चांगले आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे. परंतु ब्लँकेट हाती पडल्यावर तो माणूस झोपतो कुठे, या प्रश्नाकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपल्या शहराचे नाव उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. सपाट प्रदेशात पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला की हवामान खाते थंडीची लाट मानते. अशा रात्री उघड्यावर झोपणाऱ्याच्या अंगातील ऊब वारा हिरावून घेतोच, शिवाय खालची फरशीही शोषून घेते. म्हणून अंगावर एक ब्लँकेट असूनही खाली काही नसेल तर उपयोग थोडाच. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस अडखळत बोलतो, गोंधळतो आणि पुढे तर त्याचे कुडकुडणेही थांबते. येणारे-जाणारे म्हणतात, "दारू पिऊन पडला आहे," आणि पुढे निघून जातात. दारूने क्षणभर उबदार वाटते खरे, पण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीर अधिकच लवकर थंड होते. ज्याला आपण नशेत समजून ओलांडून जातो, तो कदाचित मरणाच्या दारात असतो.

मित्रहो, या प्रश्नाला कायद्याचे पाठबळ मिळाले ते दिल्लीतील एका घटनेतून. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, पुसा रोडवरील तात्पुरता रात्रनिवारा महापालिकेने हटवला. वृत्तपत्रांतील बातम्यांवरून दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला चालू होता. त्यातही जानेवारी २०१० मध्ये हा विषय आला. पुढे दिल्लीबाहेरील मोठ्या शहरांनाही न्यायालयाचे आदेश लागू झाले. लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास, हे त्यांचे सूत्र होते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. त्यांपैकी ९ लाखांहून अधिक शहरांत होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांत तर माणशी किमान ५० चौरस फूट जागा सांगितली होती. म्हणजे निवारा मागणे ही भीक नाही. तो हक्काचा विषय आहे.

मग निवारा असूनही काही माणसे बाहेरच का झोपतात? "त्यांना सवयच आहे," असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारणे मात्र साधी आणि खरी आहेत. सायकलरिक्षा किंवा हातगाडी बाहेर ठेवली आणि चोरीला गेली, तर उद्याची भाकर गेली. लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा मध्यरात्रीनंतर सुटतो, तोवर निवाऱ्याचे फाटक बंद झालेले असते. मजुरांच्या ठिय्यापासून निवारा लांब असेल तर पहाटेचे काम हुकते. नवरा एकीकडे आणि बायको-मुले दुसरीकडे, अशी व्यवस्था कुटुंबाला नको असते. एकट्या स्त्रीला सुरक्षितता हवी असते. आणि ज्याची कागदपत्रे पिशवीसकट चोरीला गेली, त्याच्याकडे ओळखपत्र मागितले की तो मुकाट्याने परत फिरतो. निवारा चार भिंतींनी पुरा होत नाही. त्याचे दार कोणासाठी आणि किती वाजेपर्यंत उघडे आहे, यावर त्याचे मोल ठरते.

म्हणून आमची सूचना अशी. महानगरपालिकेकडे ठिय्याजवळच्या कायम निवाऱ्यासाठी संस्थेने लेखी मागणी करावी आणि तिचा पाठपुरावा करावा. तोवर थंडीच्या लाटेच्या रात्री आपले तळमजल्यावरील सभागृह उघडावे. ते हजार चौरस फुटांचे आहे. ५० फुटांच्या हिशेबाने २० माणसे व्यवस्थित झोपतील. खाली सतरंज्या व गोणपाट, आवारात हातगाड्यांना जागा, स्त्रिया व मुलांसाठी वेगळी खोली, आणि रात्री केव्हाही प्रवेश. ओळखपत्राची अट नको. बंद खोलीत शेगडी मात्र मुळीच पेटवू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो.

काही सभासदांना चोरीची आणि अस्वच्छतेची काळजी वाटते. ती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे रोज दोन सभासदांची पाळी, शौचालयाची रोजची सफाई आणि सामानासाठी कुलपाची पेटी. "आमच्या अभ्यासिकेचे काय?" असे विद्यार्थी विचारतील. अभ्यासिका वरच्या मजल्यावर नेहमीप्रमाणेच चालेल. उलट रात्री एक-दीडपर्यंत जागणारे तुम्हीच उशिरा येणाऱ्यासाठी दार उघडू शकता.

विद्यार्थ्यांनी आणखी एवढे शिकून घ्यावे. रस्त्यावर कोणी थंडीने गारठून पडलेला दिसला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओले कपडे बदलावेत, खाली जाड अंथरूण द्यावे, डोके व छाती झाकावी. हातपाय जोराने चोळू नयेत. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच गरम गोड चहा द्यावा.

बंधू-भगिनींनो, आपले हे सभागृह अनेकांनी रोजंदारीतून पै-पै वर्गणी देऊन उभारले. त्या देणगीदारांतील कितीतरी जण कामाच्या शोधात या शहरात आले, तेव्हा पहिल्या रात्री त्यांनाही कोणाच्या तरी पडवीचा आधार मिळाला होता. त्यांनी बांधलेल्या छपराखाली आज २० माणसांची रात्र निभावली, तर त्यांच्या वर्गणीचे सार्थक होईल. सभेने हा ठराव या हिवाळ्याआधीच संमत करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.