रासायनिक क्रियेची गती : गुऱ्हाळातील एक पाठ



वर्गात रसायनाचा पाठ सुरू झाला म्हणजे कोणत्या पदार्थापासून कोणता पदार्थ बनतो, एवढेच बहुधा सांगितले जाते. तो किती वेळात बनतो, हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः संसारात पुष्कळदा याच प्रश्नाला अधिक महत्त्व असते. लोखंड गंजते, दूध नासते, वाळलेले चिपाड पेटते. या तिन्ही रासायनिक क्रियाच होत. परंतु पहिलीला महिने लागतात, दुसरीला काही तास, तर तिसरीला क्षणही पुरतो. ही गती कशाने वाढते व कशाने मंदावते हे ज्याला उमगले, त्याला ती काही अंशी आपल्या हाती ठेवता येते.

ऊस पिकविणाऱ्या मुलखात याचे उत्तम उदाहरण गुऱ्हाळावर पाहावयास मिळते. रसातील साखर आम्लाच्या सान्निध्यात पाण्याशी संयोग पावून फुटते आणि तिची द्राक्षशर्करा व फलशर्करा बनते. या दोन्ही गोडच. पण त्यांचे प्रमाण वाढले म्हणजे गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ व चिकट राहते आणि पावसाळी हवेत तिला पाणी सुटते. यास्तव गुळव्याची सारी दक्षता ही फूट रोखण्यासाठी असते. तो शिळा ऊस घाण्याला लावीत नाही, गाळलेला रस ताटकळत ठेवीत नाही आणि चुन्याची निवळी बेताने घालून रसाची आम्लता कमी करतो. चुना अधिक झाला तर गूळ काळवंडतो, हेही तो जाणून असतो.

विशेष हे की, रासायनिक क्रियेच्या गतीचे शास्त्र याच साखरेच्या फुटीच्या अभ्यासातून उभे राहिले. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात आम्ल मिसळले आणि द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश पाठवून, साखर कसकशी कमी होत जाते याचे मोजमाप केले. कोणत्याही क्षणी जेवढी साखर शिल्लक असेल, त्या प्रमाणात क्रियेची गती असते, असे त्याला आढळले. पदार्थाचे कण दाटीने असले म्हणजे गती अधिक व विरळ झाले म्हणजे कमी, या नियमाचा हा आरंभ होय.

पुढे १८८९ साली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस याने याच क्रियेवर उष्णतेचा परिणाम विचारात घेतला. उष्णता थोडीशी वाढवली तर गती कितीतरी पटींनी का वाढावी? त्याच्या विचाराचा मथितार्थ उंबरठ्याच्या दृष्टान्ताने सांगता येईल. प्रत्येक क्रियेला जणू एक उंबरठा असतो आणि पुरेशी ऊर्जा असलेले कणच तो ओलांडू शकतात. उष्णतेने कणांचा सरासरी वेग फारसा वाढत नाही. परंतु उंबरठा ओलांडण्याजोग्या कणांची संख्या मात्र पुष्कळ वाढते. दर दहा अंशांना गती दुप्पट होते, असे जे सांगतात, तो केवळ ढोबळ अंदाज आहे. तो सर्व क्रियांना लागू पडणारा नियम म्हणून मुलांकडून पाठ करून घेऊ नये.

आम्लाचे कार्य निराळे आहे. ते साखरेला फुटण्यासाठी कमी उंचीच्या उंबरठ्याची दुसरी वाट दाखविते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. तोडलेल्या उसात हेच कार्य विकरे करतात. म्हणूनच ऊस तोडून उन्हात पडला की त्यातील साखर घटते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ही घट अधिक वेगाने होते.

चौथी गोष्ट पृष्ठभागाची. चुलवाणात ओंडका सावकाश जळतो, तर मोकळे चिपाड भडकन पेटते. कारण त्याच्या चहूअंगांना हवा भिडते. साखरेचे ढेकूळ निरुपद्रवी वाटते. पण तिची बारीक धूळ हवेत पसरली असता काय होते, याची भीषण साक्ष अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी मिळाली. तेथील साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्यू पावले. सबब पीठ अथवा भुसा ज्योतीवर उधळण्याचा प्रयोग शाळेत कदापि करू नये.

वर्गासाठी साधे व निर्धोक प्रयोग पुष्कळ आहेत. अंड्याची टरफले व व्हिनेगर घ्यावे. एका पेल्यात टरफलाचे मोठे तुकडे व दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा चुरा टाकून बुडबुडे पाहावेत. नंतर चुरा सारखा ठेवून एकीकडे नुसते व दुसरीकडे निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर घ्यावे. पुढे एक पेला गार पाण्यात व एक कोमट पाण्यात ठेवावा. टरफलांऐवजी खडू घेण्याचा मोह टाळावा. बाजारातील बराचसा खडू जिप्समचा असतो व तो फसफसत नाही. उत्प्रेरकासाठी औषधाच्या दुकानातील तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याचा कीस टाकावा, फेस उसळतो. उकडलेल्या बटाट्याने तसे होत नाही, कारण उकळण्याने विकर निकामी होते. येथे 'उष्णतेने गती वाढते' या वाक्यालाही मर्यादा आहे, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करून दाखवावा.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व बाकीच्या जशाच्या तशा ठेवाव्यात. चुरा आणि कोमट व्हिनेगर ही दोन्ही एकदम घेतली, तर गती कशाने वाढली हे कोणीच सांगू शकणार नाही. हे पथ्य अंगवळणी पडणे, हाच या पाठाचा खरा लाभ होय.

गुऱ्हाळावर बापाच्या हाताखाली राबणारा मुलगा शिळ्या उसाचा गूळ का बसत नाही हे जाणतो. परंतु परीक्षेत 'गतीवर परिणाम करणारे घटक लिहा' असा प्रश्न आला की तो गप्प बसतो. त्याचे ज्ञान व पुस्तकातील ज्ञान ही एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे शिक्षकाच्या हाती आहे. त्याने प्रथम त्या मुलाला बोलते करावे, चुना का घालतात हे त्याच्याच तोंडून वर्गाला ऐकवावे, आणि शास्त्रातील नावे मागाहून द्यावीत. ज्या मुलाला आपल्या घरच्या कामात शास्त्र दिसले, त्याला शाळा परकी वाटत नाही.