‘हरकती व सूचना’ : नागरिकाचे मत आणि शासनाचे उत्तर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या या मंगल पर्वात साहित्यावर आणि संतवाङ्मयावर बोलणारे व्यासंगी वक्ते आपणांस लाभले. माझ्या वाट्याला मात्र जरा रूक्ष विषय आला आहे. शासन धोरण ठरवताना नागरिकांचे मत महाजालावरून कसे मागवते, कसे मागवावे, आणि त्या मताचे पुढे काय व्हावे, असा तो विषय. ग्रंथालयाच्या उत्सवात या विषयाचे काय काम, असे कोणाच्या मनात आले असल्यास ते स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते या विषयाचे खरे घर ग्रंथालयच आहे. ते कसे, हे शेवटी सांगेन.

आरंभ आपल्या सुरतेपासूनच करू. १८४४ साली कंपनी सरकारने मिठावरील कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला. सुरतेच्या जनतेला कोणी काही विचारले नव्हते. दुकाने बंद झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, बंगालची वजने-मापे येथे लागू करण्याचा बेत झाला. तोही सुरतकरांनी बहिष्काराने हाणून पाडला. योगायोग असा, की त्याच १८४४ साली मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि दुर्गाराम मेहताजी यांनी याच शहरात मानवधर्म सभा स्थापन केली. एकीकडे रस्त्यावरचा क्षोभ, दुसरीकडे एकत्र बसून केलेला विचार! लोकमताची ही दोन्ही रूपे सुरतेने एकाच वर्षी पाहिली. शासनाने आधी विचारले नाही, तर लोक नंतर सांगतात, आणि ते सांगणे दोन्ही पक्षांना महागात पडते, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

मात्र लोकांच्या वतीने बोलणारा कोण, हा प्रश्न तेव्हाही होता. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिने एक मार्मिक नियम केला. जो सभासद होऊ इच्छितो, त्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. मत मांडायचे तर कोणाचे मांडतो आहोत, हे आधी दाखवा, असा त्याचा अर्थ. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. माहिती, अधिकार आणि अर्ज या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून त्या अर्जांना वजन आले.

स्वातंत्र्यानंतर हे वजन कायद्याने मान्य केले. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्याच्या मसुद्यावर दोन महिन्यांत लेखी हरकती व सूचना देण्याची तरतूद आहे. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा तर याहून पुढे जातो. त्याच्या चौथ्या कलमानुसार, जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबद्ध माहिती शासनाने स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे, आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना दिली पाहिजेत. २०१४ च्या आरंभी केंद्र सरकारने कायदापूर्व विचारविनिमयाचे धोरण स्वीकारले. त्यात कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवावा, असे म्हटले आहे. त्याच वर्षी जुलैत ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ सुरू झाले. म्हणजे विचारण्याची साधने आज विपुल आहेत. उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला.

ही उणीव मी पुस्तकात वाचलेली नाही. ती माझ्या हातून घडलेली आहे. ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही. मी आयुष्याची पस्तीस वर्षे कारकुनीत काढली. एका कार्यालयात असताना एका रस्त्याच्या आखणीवर हरकती मागवल्या होत्या. आलेल्या पत्रांत खानदेशातून येऊन येथे स्थायिक झालेल्या एका बाईंचे दोन पानी मराठी पत्र होते. मराठी वाचणारा म्हणून ते माझ्याकडे आले. तक्त्यात एक ओळीचा रकाना होता. मी त्यात गुजरातीत लिहिले, ‘अर्जदाराचा विरोध आहे.’ शेजारच्या रकान्यात शेरा पडला, ‘नोंद घेतली.’ प्रत्यक्षात त्या बाईंचा रस्त्याला विरोध नव्हताच. त्यांनी लिहिले होते, की वस्तीच्या या अंगाला दर पावसाळ्यात पाणी साचते, पलीकडची बाजू उंच आहे, तेव्हा रस्ता तिकडून न्यावा. रस्ता ठरल्याप्रमाणेच झाला आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी उभे राहिले. त्यांचे पत्र आम्हांला पोचले होते. त्यांचे म्हणणे मात्र माझ्या एका ओळीत बुडाले होते.

पाण्याची ही गोष्ट सुरतकरांना अधिक समजावून सांगायला नको. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले, आणि अडाजण, रांदेर, अठवा या भागांसह बहुतेक शहर पाण्याखाली गेले. पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर धरणात किती पाणी साठवायचे, हा वरवर अभियंत्यांचा प्रश्न. शेती, वीज आणि शहराची सुरक्षितता यांत कोणाला किती झुकते माप द्यायचे, हे त्यात दडलेले असते. म्हणून तो धोरणाचा प्रश्न आहे. ज्यांच्या उंबऱ्यात पाणी शिरते, त्यांना असे प्रश्न आधी समजावून सांगणे आणि त्यांचे अनुभव ऐकणे, यालाच मी नागरिकांचा सहभाग म्हणतो.

आता महाजालाकडे वळू. त्याचे सामर्थ्य २०१५ मध्ये देशाने पाहिले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने महाजालावरील सेवांविषयी ११८ पानांचा इंग्रजी मसुदा प्रसिद्ध करून वीस प्रश्न विचारले. सामान्य वाचकाला तो दुर्बोधच होता. काही तरुणांनी त्याचा सुबोध सारांश केला, उत्तरांचे नमुने तयार केले आणि पाहता पाहता दहा लाखांहून अधिक पत्रे प्राधिकरणाकडे गेली. ती प्रसिद्ध करताना पत्र पाठवणाऱ्यांचे ई-पत्तेही उघडे पडले, तेव्हा मत देणाऱ्याच्या खाजगीपणाची काळजी कोणी घ्यायची, हा नवा प्रश्न उभा राहिला. वर्षअखेरीच्या दुसऱ्या फेरीत एका बड्या कंपनीच्या आवाहनावरून एकाच साच्यातील पत्रांचा पूर आला. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नाहीत, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटासेवेच्या दरांत भेदभाव करण्यास मनाई करणारे नियम निघाले, आणि त्यासोबत कारणेही दिली गेली. कळ दाबून पाठवलेल्या लाख पत्रांपेक्षा विचारपूर्वक लिहिलेले एक पत्र मोलाचे, हे शासन आणि नागरिक दोघांनीही त्यातून शिकावे.

दुसरे उदाहरण भाषेचे. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पर्यावरणावरील आघाताच्या मूल्यमापनाविषयी नवा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला. ज्या मच्छिमाराच्या खाडीवर वा शेतकऱ्याच्या बांधावर त्याचा परिणाम व्हायचा, त्याने तो वाचायचा कसा? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचा अनुवाद आठव्या परिशिष्टातील भाषांत करण्यास सांगितले. सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, हेही नमूद केले पाहिजे. लोकांना न समजणाऱ्या भाषेत विचारणे म्हणजे न विचारणेच होय, हा मुद्दा मात्र त्या प्रकरणाने देशापुढे कायमचा ठेवला.

आपल्या शहरात हा मुद्दा अधिकच जिव्हाळ्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती ४४ लाखांच्या वर होती. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपल्या महानगरपालिकेने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. जे शहर मुलांना इतक्या भाषांत शिकवते, त्याने त्या मुलांच्या आईबापांचे मतही तितक्याच भाषांत मागवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत पुण्यासह सुरतेची निवड झाली. त्या स्पर्धेत नागरिकांच्या सहभागालाही गुण होते. गुणांसाठी एकदा विचारणे वेगळे आणि दरवर्षी, दर आराखड्याला विचारणे वेगळे.

परदेशातही हे प्रयोग चालले आहेत. आइसलंडमध्ये २०११ साली पंचवीस जणांच्या परिषदेने नव्या राज्यघटनेचा मसुदा महाजालावर लोकांच्या सूचना घेत तयार केला, पुढच्या वर्षी सार्वमतात त्याला दोनतृतीयांश पाठिंबा मिळाला, पण संसदेने तो कधी स्वीकारला नाही. तैवानमध्ये २०१५ साली उबर टॅक्सीच्या प्रश्नावर लोकांनी लहान लहान विधाने मांडली. त्यांवर सहमत वा असहमत एवढेच नोंदवता येत असे. प्रत्युत्तराची सोयच नसल्याने भांडण वाढले नाही आणि विरुद्ध गटांनाही मान्य असलेले मुद्दे वर आले. त्या मुद्द्यांचा पुढे नियम करताना आधार घेतला गेला. दोन्हीकडे यंत्र उत्तम होते. फरक पडला तो शेवटच्या दुव्याने, म्हणजे निर्णय घेणाऱ्याने ऐकण्याची आधीच दिलेली हमी होती की नव्हती, याने.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही. मसुदा लोकांच्या भाषेत असावा. त्यातील कोणती गोष्ट अजून बदलू शकते आणि कोणती ठरून गेली आहे, हे प्रामाणिकपणे सांगावे. ज्याच्याकडे महाजाल नाही, त्याचा हस्तलिखित कागदही तितक्याच मानाने घ्यावा. आणि शेवटी प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे : मान्य असल्यास काय बदलले, अमान्य असल्यास का. हजार पत्रांत मुद्दे बहुधा वीस-पंचवीसच असतात. त्यांची उत्तरे लिहिणे अशक्य नाही, हे मी कारकून म्हणून सांगतो. अमान्य झाल्याचे दुःख माणूस पचवतो. ‘नोंद घेतली’ हे दोन शब्द मात्र त्याला पुन्हा लिहिण्यापासून परावृत्त करतात.

आणि येथेच ग्रंथालय येते. सुरतेत १८५० पासून अँड्र्यूज ग्रंथालयाची परंपरा आहे. वाचनगृह म्हणजे अनोळखी माणसे एका मेजाभोवती बसून एकच मजकूर वाचतात, अशी जागा. शताब्दीनंतरच्या पहिल्या वर्षात आपण एवढेच करावे, की शहराविषयीचा प्रत्येक मसुदा वृत्तपत्रांच्या मेजावर ठेवावा, त्याचा एक पानी मराठी सारांश लावावा, महिन्यातून एका रविवारी तो मोठ्याने वाचावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून संगणकावरून पाठवावे. पाठवलेल्या पत्राची प्रत फायलीत ठेवावी, आणि उत्तर येईपर्यंत ती फाईल बंद करू नये. सार्वजनिक काकांनी पन्नास सह्या मागितल्या होत्या. आपल्या सभासदांची यादी त्याहून खासच मोठी आहे.

ते काम कोणी अंगावर घेणार असेल, तर सारांश लिहिण्यासाठी माझे नाव पहिले घालावे. दोन पानांची एक ओळ करण्याचे ऋण माझ्याकडे बाकी आहे. ते या मेजावर बसून फेडता आले, तर मला समाधान वाटेल.