दुसऱ्याने बांधलेले नवे घर



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत आणि तसे म्हणण्याचा त्यांना अधिकार होता. पाया खणला जात असताना घरधनी काठावर उभा असे. चुना घाणीत पुरता मळला की नाही, वीट भिजवून लावली की कोरडीच, तुळई सागाची की आणखी कशाची, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नसे. गवंडी आणि सुतार त्याला रडवीत, हे खरे. पण घर उभे राहीपर्यंत त्याचे गुणदोष त्याला पोटच्या मुलाच्या स्वभावासारखे ठाऊक झालेले असत. आज आपण घर बांधीत नाही, विकत घेतो. पाया खणला तेव्हा आपण तेथे नव्हतो आणि किल्ली हाती येते तेव्हा सारे काही रंगाखाली झाकलेले असते. नवे घर घेण्यातला सगळा गुंता मला या एका गोष्टीत दिसतो.

नव्या घराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही. दगडमातीच्या जाड भिंती माणसांच्या अंगावर कोसळल्या. आजच्या इमारतीचा सांगाडा भूकंपाचा हिशेब धरून आखावा लागतो. खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे लोखंडी रिंगा जवळजवळ बांधाव्यात, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. नळ, विजेच्या तारा, सांडपाण्याचे पाइप सगळे नवे. शिवाय 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. जुने घर घेणाऱ्याला असा कैवारी नाही.

पण जुन्या घराचा एक गुण आपण विसरतो. त्याचे दोष उघडे असतात. छतावरचा ओलीचा डाग दिसतो. शेजारच्या काकू पाणी किती वाजता येते ते न विचारता सांगतात. नव्या घराला असा साक्षीदार नाही. त्याने अजून पावसाळा पाहिलेला नाही! आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला झोडपून काढतो. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, गच्चीचा उलटा उतार, न्हाणीघरातून खाली झिरपणारे पाणी, ही सगळी मंडळी आषाढात प्रकट होतात. फेब्रुवारीत घर पाहणाऱ्याला कोणतीही भिंत सोज्वळच दिसते. म्हणून माझे सांगणे असे, की शक्य असेल तर एक पावसाळा अंगावर घेतलेली नवी इमारत पाहावी. तेही जमत नसेल तर न्हाणीघराची मोरी बुजवून पाणी तुंबवावे आणि दोन दिवसांनी खालच्या मजल्याचे छत पाहावे. विकणारा कुरकुर करील, करू द्यावी. चिरांविषयीही थोडे सांगतो. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यावर केसासारखी उभी चीर गेली तर घाबरू नये. दोन पदार्थ उन्हात सारखे फुगत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. खांबात किंवा तुळईत तिरपी चीर दिसली, तर मात्र जाणकार इंजिनियर आणल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

भिंतीपेक्षा कागद अधिक दगा देतो. मुंबईत वरळीला कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये 1980 च्या दशकात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवण्यात आले. तेथे घरे घेणारे आपल्यासारखेच संसारी लोक होते आणि ते तेथे वर्षानुवर्षे राहिले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्या वाढीव मजल्यांच्या विरुद्ध. भोगवटा प्रमाणपत्र हा कागद किती मोलाचा, हे त्या कुटुंबांना विचारावे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, आता राहायला हरकत नाही, असे महापालिका म्हणते ते या कागदाने. तो मिळण्यापूर्वी, "तुम्ही सामान तर आणा" असा गोड आग्रह झाला, तर सामान आणू नये.

आता, अर्धवट बांधलेले घर घ्यावे की पुरे झालेले? अर्धवट घर स्वस्त म्हणून घेतात. ते खरोखर स्वस्त पडते का, याचा हिशेब घरी कागदावर मांडावा. 60 लाखांच्या अशा घरावर 5 टक्क्यांप्रमाणे 3 लाख रुपये जीएसटी पडतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. त्यात ताबा मिळेपर्यंतचे भाडे आणि कर्जाचे व्याज अशी दुहेरी ओढ धरा. प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून जो गृहस्थ हे करतो, त्याच्या संसारात मुलीचे शिक्षण आणि म्हातारपणाचे औषधपाणी त्याच पिशवीतून व्हायचे असते. रेराने येथेही बांध घातले आहेत. नोंदणीकृत करारापूर्वी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा घरे आठापर्यंतच असली, तर अशा बांधकामाला नोंदणीची सक्ती नाही. आपल्या पेठांत वाडा पाडून जेथे सहा-सात बिऱ्हाडांची इमारत उठते, तेथे हे ध्यानात ठेवावे. तेथे वकिलाची फी वाचवू नये.

राहता राहिली जमीन, आणि तिच्याविषयी घर घेणारा सहसा विचारीतच नाही. घर माझे झाले म्हणजे खालची जमीनही आमच्या सोसायटीची झाली, अशी आपली भोळी समजूत असते. ती खरेदीखताने सोसायटीच्या नावावर करून द्यावी लागते. 1963 च्या फ्लॅट कायद्यात तशी तरतूद होतीच. तरीही इतक्या सोसायट्या तिष्ठत राहिल्या, की 2008 साली 'मानीव अभिहस्तांतरणा'ची, म्हणजे बिल्डर आला नाही तरी सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याची वाट काढावी लागली. इमारत म्हातारी होऊन पाडायची वेळ येते तेव्हा जमीन कोणाची हा प्रश्न उठतो, आणि तोवर मूळ मालकाचे नातूही वाटा मागायला आलेले असतात. तेव्हा नवे घर पाहायला जाल त्या दिवशी फरशीचा रंग पाहून झाल्यावर त्याच बिल्डरच्या पाच-दहा वर्षांपूर्वीच्या इमारतीत जा, तेथील सोसायटीच्या चिटणीसाला गाठा आणि जमीन नावावर झाली का, एवढे विचारा. पावसात भिंती कशा राहतात, हेही तो तुम्हाला तेथेच दाखवील.