चाळीस शब्दांची शिदोरी

मी कविता लिहितो. शब्दांशी आपलं जुनं नातं आहे अशा समजुतीत बरीच वर्षं गेली. पण कुणाला माझ्या शब्दांची खरोखर निकड आहे, असा अनुभव मला एकदाच आला. त्याचीच ही हकिगत.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा होता. पुण्यातल्या एका संस्थेच्या समाजसेविका बाईंचा फोन आला. "सर, इटलीहून एक जोडपं आलंय. आमच्या एका मुलीला दत्तक घेऊन जाणार आहेत. राहिलेले कागद पुरे व्हायला दोन आठवडे लागतील. तोवर त्यांना थोडं मराठी शिकवाल का?"

मुलगी पाच वर्षांची. एक पाय जरा आखूड, त्यामुळे चालताना लचकायची. आपल्याकडे दत्तक घेणाऱ्यांना बहुधा तान्हं आणि धडधाकट मूल हवं असतं. अशा थोराड, काही दुखणं असलेल्या मुलांची वाट मग पुष्कळदा परदेशाकडे वळते.

नवरा-बायको दोघंही चाळिशी उलटलेले. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. पण बाई म्हणाली, "रात्री दोन वाजता ती रडत उठली, तर तिच्यापुढे मोबाइल धरू का?"

मी वही उघडली आणि पहिलं वाक्य दिलं, 'आमचं तुझ्यावर प्रेम आहे'. शेजारी मुलीची वेणी घालत बसलेल्या मावशी हसल्याच. "असं कोण बोलतं हो सर? 'ये गं माझी बाय' म्हणा की!" मी मुकाट्यानं वाक्य खोडलं. पुढची सगळी यादी मावशींनीच सांगितली. शू आली? पोट दुखतं? भात कालवू? कडेवर घेऊ? घाबरू नको. मी इथंच आहे. असे चाळीसेक शब्द आणि वाक्यं मी रोमन लिपीत उतरवून दिली. बी.ए.ला मराठी घेऊनही मला जे सुचलं नसतं, ते त्या बाईंच्या जिभेवर होतं.

'ळ' काही त्यांना जमेना. पोळीची 'पोली' व्हायची. मुलगी खो खो हसायची आणि पुनःपुन्हा म्हणून दाखवायची, "पोळी! पोळी!" पहिले दोन दिवस ती त्यांच्याजवळ फिरकत नव्हती. मास्तरीण झाली आणि मग मांडीवर जाऊन बसली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. बाई म्हणाली, "जो तो म्हणतो, पोर भाग्यवान आहे. पण आम्ही तिच्याकडून काय काय काढून घेतोय, हे कुणीच बोलत नाही. तिच्या मावशी, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण, वरणभाताचा वास, तिची भाषा. सहा महिन्यांत ती हे शब्द विसरेल."

नवरा तसा अबोल. तो म्हणाला, "चार वर्षं मी एका फायलीचा बाप होतो. फायलीला ताप येत नाही. उद्या विमानात ती रडायला लागली, तर मला ठाऊक नाही काय करायचं." तो भीती लपवत नव्हता, म्हणून मला त्याचा भरवसा वाटला.

ती फाइल उगीच जाड होत नाही. परदेशी दत्तकांच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावरून १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. मूल आधी देशातच कुणाला देता येतं का ते पाहायचं, हे त्यातलं मुख्य सूत्र. २००३ मध्ये भारतानं हेग करार मान्य केला. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षं त्याच्या खुशालीचे अहवाल यावे लागतात.

हे कायदे मी वाचले ते निराळ्या कारणानं. १९९९ साली मी आणि माझी पत्नी अशाच एका संस्थेत गेलो होतो. आम्हाला मूल नाही. तीन वर्षांचा एक मुलगा माझं बोट धरून फाटकापर्यंत आला होता. तेव्हा सांगण्यात आलं, मुसलमान असल्यामुळे १८९०च्या कायद्याखाली तुम्ही फक्त पालक होऊ शकाल, तेही तो सज्ञान होईपर्यंत. आई-बाप नाही. घरातले वडीलधारेही म्हणाले, अनाथाला सांभाळणं मोठं पुण्य आहे, पण त्याला आपलं नाव देऊन त्याचं मूळ पुसू नये. आम्ही परत आलो. पुढे बालन्याय कायद्यानं वाट मोकळी केली, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला त्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं. ती बातमी मी पत्नीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तो आता अठरा वर्षांचा असेल." पंधरा वर्षांत त्या मुलाचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता.

पालक म्हणून तरी त्याला घरी आणायला कुणाची हरकत होती? कुणाचीच नव्हती. कायद्याच्या आडोशाला मी उभा राहिलो, हे आज कबूल करतो.

त्या इटालियन जोडप्यानं मुलीचं नाव बदललं नाही. आडनाव त्यांचं, नाव आपल्याकडचंच. मूळ पुसू नये याचा हाही एक अर्थ होतो, हे मला तेव्हा उमगलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली. मुलीच्या पाठीवर नवी पिशवी, बाईच्या पर्समध्ये तिचा भारतीय पासपोर्ट. मावशी दारापर्यंतच आल्या, पुढे आल्या नाहीत. मुलीनं मला विचारलं, "आजोबा, तू पण येतोस विमानात?" मी म्हटलं, "नाही गं, माझी शाळा आहे." ती म्हणाली, "तुला तर ळ येतो!"

मध्यंतरी बाईचं पत्र आलं. पायाची शस्त्रक्रिया झाली, मुलगी शाळेत जाते, बडबड सगळी इटालियनमध्ये. मराठीतला एकच शब्द उरलाय, 'नको'. तोही रागावली की! वही मात्र तिच्या कागदांबरोबर कपाटात ठेवली आहे. मोठी झाल्यावर मागेल, तेव्हा आणखी शब्द लागतील. पाठवाल का, असं बाईनं विचारलंय.

सध्या रोज रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसतो. पत्नी शब्द सांगते, मी लिहून घेतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)