गिरणीतली पंगत

जुनी वास्तू पाडण्यापेक्षा तिच्यात चूल पेटावी, माणसं जेवून तृप्त व्हावीत, हे केव्हाही चांगलं. आमच्या सावद्याकडे भरताची पार्टी शेतातच रंगते. शेतात राबणारा त्या पंगतीत मानाने बसतो. म्हणूनच मुंबईतल्या जुन्या गिरण्यांत थाटलेली हॉटेलं पाहिली की मनात येतं, या पंगतीत राबणारा कुठे बसलाय?

लोअर परळला फिनिक्स गिरणीचं धुराडं आता मॉलच्या आवारात उभं आहे. जवळच्या कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या, उपाहारगृहं आली. एके काळी इथे भोंग्यावर दिवस उगवायचा. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार दहाजणांच्या खोलीत पथारी टाकायचा. मदनपुऱ्यातले मोमीन विणकर साचेखात्यात उभे असायचे. नारायण सुर्व्यांच्या कवितेत भेटतो तो हाच कामगार.

हा माणूस जेवायचा कुठे? चाळीतल्या खाणावळीत. एखादी मावशी दहा-वीसजणांचा स्वयंपाक एकटीने रांधायची. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर किराण्यासाठी सावकाराचं दार. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाचं खरं उपाहारगृह ते होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे कित्येक गिरण्या बंद पडल्या आणि खाणावळींच्या चुलीही थंडावल्या. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि शहराच्या वाट्याला फार थोडं आलं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला.

मग २०१७च्या २९ डिसेंबरची मध्यरात्र. कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ जीव गेले. जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरलेले कितीतरीजण तिथेच गुदमरले. भिंतीला नवा रंग दिला म्हणजे वास्तू जिवंत होत नाही. तिथे येणाऱ्याचा जीव जपला, तरच तिला नवं आयुष्य मिळालं म्हणायचं.

हॉटेल काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. दर्शनी भिंतीवर गिरणीचं नाव, तिचं साल आणि इथे काय विणलं जायचं ते मराठीत लिहा. एखादं ताट त्या मावशीच्या खाणावळीतलं असू द्या, आणि त्याचा दर गिरणी कामगाराच्या नातवाला परवडेल असा ठेवा. त्या नातवाला दारावरच्या रखवालदाराने अडवलं नाही, तर ही वास्तू जगली असं मी म्हणेन.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)