घराचा रंग आणि गृहिणीचे मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र आज भिंतींविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणी हसेल. पण ज्या भिंतींच्या सहवासात आपला इतका वेळ जातो, त्यांचा रंग ठरविताना आपले मत बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. रंगारी येतो, कर्ती मंडळी त्याच्याशी दर ठरवितात, आणि मग रंगांचे पुस्तक आपल्यापुढे येते ते "बाई, लवकर सांगा, दुपारी डबे आणायचे आहेत" अशा घाईने. पाच मिनिटांत केलेली ती निवड पुढे कित्येक वर्षे डोळ्यांसमोर राहते. म्हणून तिचा थोडा विचार आधीच करून ठेवावा.

आपल्या आज्यांना हा प्रश्न फारसा पडत नसे. कळीचा चुना भिजवायचा, त्यात चिमूटभर नीळ टाकायची, हवी तर पिवडी घालायची, आणि दाराच्या कडेला काव द्यायची. हे केवळ गरिबीचे काम नव्हते. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन भिंतीवर घट्ट बसतो आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतींना म्हणूनच आजही चुना मानवतो. अशा भिंतीवर तेलरंग चढविला, की आतली ओल कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा रंग निवडण्यापूर्वी भिंत पाहावी. ओल कोठून येते, गच्चीतून, नळातून की जमिनीतून, हे शोधून ती आधी थांबवावी. ओलीवर रंग देणे म्हणजे न धुतलेल्या पातेल्याला कल्हई करण्यासारखे आहे.

पावसाळा संपल्यावर भिंतींना वाळण्यास काही दिवस द्यावेत. दसरा-दिवाळीचा रिवाज या दृष्टीने शहाणपणाचा आहे. कोकणात गणपतीसाठी घर सजवायचे असते. तेथे हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

आता रंगाकडे वळू. आरंभ पुस्तकापासून करू नये. घरात जे बदलणार नाही, त्यापासून करावा. खाली शहाबादी फरशी आहे की लाल कोबा, कपाट शिसवी आहे की लोखंडी, हे आधी पाहावे. त्यांच्याशी न भांडणारा रंग घेतला, तर नव्या सामानाचा खर्च न करताही घर नवे दिसते. पडदे आणि अभ्रे त्या रंगाला जुळते शिवले, की निम्मे काम झाले.

मग प्रकाश पाहावा. उत्तरेकडच्या खोलीत ऊन थेट फारसे येत नाही. तेथे निळसर रंग उदास वाटतो. लोण्याची, बदामी किंवा फिकट पिवळी छटा तेथे शोभते. पश्चिमेची खोली दुपारनंतर तापते. तिला फिकट हिरवा किंवा निळसर पांढरा रंग डोळ्यांना गार वाटतो. अंधाऱ्या खोलीत छत पांढरेच ठेवावे. गडद भिंती प्रकाश पिऊन टाकतात आणि दिवसाही दिवे लावण्याची पाळी आणतात.

पुस्तकातील बोटभर चौकटीवर मात्र विश्वासू नये. तोच रंग चारी भिंतींवर चढला, की एका भिंतीची छटा दुसरीवर पडून अधिक गडद भासतो. म्हणून छोटा डबा आणून दोन फूट लांब-रुंद पट्टा भिंतीवर काढून घ्यावा आणि तो सकाळी, भर दुपारी व रात्री दिव्याखाली पाहावा. साडी घेताना आपण ती दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहतोच की नाही? तेच हे!

घरात वृद्ध माणसे असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी. भिंत, दार, उंबरठा आणि बटणाची पाटी सगळेच पांढरे केले, तर मंद नजरेच्या सासूबाईंना काहीच वेगळे ओळखू येत नाही. उंबरठ्याला आणि पायरीच्या कडेला ठळक रंग असावा. तेवढ्याने एखादे पडणे टळते.

हिशोबही आपणच करावा. 10 फूट रुंद, 12 फूट लांब आणि 10 फूट उंच खोलीचा घेर 44 फूट, म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दाराचे 21 आणि खिडकीचे 16 वजा करता 403 उरले. एका लिटरात दोन हातांनी 60 चौरस फूट होतात, असे डब्यावर लिहिले असेल, तर सुमारे 7 लिटर रंग पुरतो. हा आकडा हाताशी असला, की रंगाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हा विषय घेतला, ते सांगते. तेलरंगांत पूर्वी शिसे सर्रास वापरीत असत. पांढऱ्यात सफेता, भडक पिवळ्या-नारिंगीत शिशाचा क्रोमेट, लोखंडाच्या अस्तरात शेंदूर. हे शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दर दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असण्यास बंदी आली. डब्यावर तसे लिहिलेले असावे लागते. ते वाचल्यावाचून डबा उघडू देऊ नये, विशेषतः दारे, गज आणि पाळणा रंगविताना.

परंतु नव्या डब्याने जुना थर नाहीसा होत नाही. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग कोरडाच घासला, की त्याची धूळ घरभर पसरते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. म्हणून जुना रंग जाळू नये, कोरडा घासू नये. पाणी मारून, ओला ठेवून घासावा. खाली कागद किंवा प्लॅस्टिक अंथरावे, कचरा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. त्या दिवसांत मुलांना आणि गर्भवती सुनेला दुसऱ्या घरी पाठवावे. आणि रंगारीदेखील कोणाचा तरी बाप आहे. त्यालाही तोंडाला फडके बांधून काम करण्यास आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास सांगावे.

भगिनींनो, रंग शोभेसाठी असतो, हे खरेच. पण ज्या भिंतीला टेकून आपले मूल उभे राहावयास शिकते, तिच्यावर काय लावले जाते, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. यंदा घराला रंग देण्याचे निघेल, तेव्हा हा प्रश्न आपण अवश्य विचारावा, आणि तो पाच मिनिटांच्या घाईत नव्हे, दर ठरण्यापूर्वी विचारावा.