वळिवड्याची छावणी आणि राष्ट्रांची दोस्ती

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



राष्ट्राराष्ट्रांतील करार हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय. गावातील कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध, असे नेहमी विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरनजीकच्या वळिवडे गावात आहे. १९४३ पासून सुमारे पाच वर्षे तेथील छावणीत जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. ही माणसे येथवर कशी आली हे समजून घेतले, म्हणजे दोस्तीच्या राजकारणाचे दोन्ही चेहरे दिसू लागतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड वाटून घेतले. पूर्व भागातील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि कालचे वैरी दोस्त झाले. जुलैमध्ये पोलंडचे लंडनमधील निर्वासित सरकार व रशिया यांच्यात करार होऊन हद्दपारांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. ऑगस्टमध्ये ब्रिटन व रशिया यांनी इराणमध्ये सैन्य घुसवले. रशियाला युद्धसाहित्य पोचविण्यासाठी आखातापासून कास्पियन समुद्रापर्यंतचा मार्ग त्यांना हवा होता. इराण तटस्थ होता; पण त्याच्या संमतीची वाट कोणी पाहिली नाही. १९४२ मध्ये याच इराणमधून एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक बाहेर पडले. त्यांतील काही हजारांना हिंदुस्थानात आसरा मिळाला. वळिवड्यात शाळा निघाल्या, इस्पितळ चालले, मुले वाढली. राष्ट्रांचे सहकार्य माणसांना जगवू शकते, याची ही साक्ष आहे.

परंतु त्याच १९४३ साली, त्याच दोस्त राष्ट्रांच्या छत्राखाली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. ब्रह्मदेश पडल्यामुळे तेथून येणारा तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीवरील होड्या सरकारनेच काढून घेतल्या होत्या. धान्यासाठी जहाजांची मागणी झाली, तेव्हा लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने युद्धाच्या गरजेला अग्रक्रम दिला. पुरवठ्याची साखळी तुटली नव्हती. ती कोणासाठी चालवायची याचा निर्णय झाला होता, आणि त्या निर्णयात बंगालच्या शेतमजुराला मत नव्हते.

वळिवड्याच्या रहिवाशांच्या वाट्यालाही अखेर हेच आले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या नेत्यांनी पोलंडच्या पूर्व सीमेचा निर्णय केला. जुलैमध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीतील अनेकांची गावे परक्या राज्यात गेली. ज्या दोस्तीने त्यांचे प्राण वाचवले, तिनेच त्यांचे घर देऊन टाकले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले. ते उचितच झाले. पण स्मारकाला फुले वाहताना इतिहासाचा हा उत्तरार्ध विसरता येत नाही.

आज पुन्हा सुरक्षितता आणि पुरवठा हे शब्द जोडीने उच्चारले जातात. भारत, अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया यांचा 'क्वाड' गट आहे. एप्रिल २०२१ मध्ये भारत, जपान व ऑस्ट्रेलिया यांनी पुरवठा साखळी बळकट करण्याचा उपक्रम सुरू केला. हिंद-प्रशांत क्षेत्रातील १४ राष्ट्रांचा पुरवठाविषयक करार फेब्रुवारी २०२४ मध्ये अमलात आला. अशा सहकार्याला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि निर्यातीवर जगणाऱ्या प्रत्येक गावाला त्याची झळ लागली. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखान्यांतील कामगाराचा पगार दूरच्या समुद्राशी बांधलेला आहे.

मात्र दोस्ती म्हणजे समानता नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये 'क्वाड'मधील अमेरिकेनेच रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. तेल कोठून घ्यावे हे मित्राने ठरवावे, अशी ही मैत्री! कोणत्याही महासत्तेच्या गोटात न शिरता तिसरा मार्ग उभारण्याचा डॉ. लोहिया यांचा आग्रह येथे कालबाह्य ठरत नाही.

म्हणून समाजवाद्यांच्या मागण्या तीन. पुरवठा व सुरक्षिततेच्या करारांवर संसदेत खुली चर्चा झाली पाहिजे. अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत यंत्रांच्या सुट्या भागांच्या आधी अन्न, खते आणि औषधे आली पाहिजेत. १४ राष्ट्रांच्या करारात कामगार हक्कांसाठी सरकार, मालक व कामगार अशा त्रिपक्षीय सल्लागार मंडळाची तरतूद आहे. ती कागदावर न राहता कामगार संघटनांच्या हातातील हत्यार झाली पाहिजे.

पोलिश निर्वासित गेले आणि फाळणीने उखडलेले सिंधी बांधव त्याच जागी आले. आज तेथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. बड्यांनी नकाशावर रेघा ओढल्या, आणि दोन्ही वेळा त्यांचा भार कोल्हापूरच्या मातीने उचलला. पुढच्या रेघा कोणाला विचारून ओढल्या जाणार, हे विचारण्याचा अधिकार या मातीने कमावलेला आहे.